गोडाचा हिशेब : फळांच्या मफिनचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात गृहअर्थशास्त्र विभागाने ‘आरोग्यदायी पाककृती’ स्पर्धा घेतली होती. त्या स्पर्धेत मी केळ्याचे मफिन ठेवले होते. निम्मा मैदा काढून कणीक घातली होती, साखरेऐवजी गूळ वापरला होता आणि वर लोण्यात गूळ फेटून केलेला मऊ थर दिला होता. ताटलीपुढे सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती : ‘शुगर फ्री नैसर्गिक मफिन’. मला दुसरा क्रमांक मिळाला.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर आमच्या बाई टेबलापाशी आल्या. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, चिठ्ठी वाचली आणि शांतपणे विचारले, “छान झालंय. पण काय गं, गुळात काय असतं?”

मी म्हणाले, “गूळच असतो की बाई!”

भोवतालच्या मैत्रिणी हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. “बघ शोधून,” एवढेच म्हणून त्या गेल्या. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाची हकीकत आहे. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी नाही. तेव्हा यात जे काही आहे ते ग्रंथालयातील पुस्तके, बाईंनी समजावून दिलेल्या गोष्टी आणि आमच्या स्वयंपाकघरात फसलेले व साधलेले प्रयोग यांतून आले आहे.

हा प्रश्न मला इतका का झोंबला, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. ज्यांना गुऱ्हाळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चुलाणात जाळ घालणारा तो जळव्या. आणि काहिलीतला रस केव्हा उतरवायचा, हे पाहणारा तो गुळव्या. मळी काढणे, भेंडीचे पाणी घालून रस स्वच्छ करणे, उकळीचा रंग आणि बुडबुडा पाहून पाक ओळखणे, हे सारे त्याच्या नजरेवर चालते. क्षणभर चुकले तर अख्खी काहील वाया जाते. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आबांनी गावभर पेढे नव्हे, गुळाचे खडे वाटले होते, असे आई सांगते.

या आबांना दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली. आबांनी त्याच दिवसापासून साखर बंद केली आणि दिवसातून चार वेळा गुळाचा चहा सुरू केला. “साखर म्हंजे कारखान्याचं इख. गूळ म्हंजे औषध हाय,” हे त्यांचे ठाम मत. आई बिचकत होती. तिने मला विचारले, कारण घरात शिकलेली मी. मोबाईलवर एक-दोन चित्रफिती पाहून मी ठोकून दिले, “चालतो गं आई. गूळ नैसर्गिक असतो.” सहा महिन्यांनी रक्ताची ‘एचबीएवनसी’ तपासणी झाली. तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी आहे. पूर्वी ७.८ असलेला आकडा ८.९ झाला होता. आबा म्हणाले, “गोळी बरोबर नसंल.” मीही तेच म्हणाले. बाईंनी गुळाविषयी विचारले ते त्यानंतर महिन्याभरातच.

गुळात काय असते?

ग्रंथालयात मिळालेल्या आहारशास्त्राच्या पुस्तकांतून जे कळले ते थोडक्यात असे. साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. गूळ उसाच्याच रसाचा असल्याने त्यातही मुख्य घटक सुक्रोज हाच. त्याच्या जोडीला थोडे ग्लुकोज व फ्रुक्टोज असते, थोडे पाणी असते आणि अल्प प्रमाणात खनिजे असतात. १०० ग्रॅम गुळात सर्व प्रकारची साखर मिळून सुमारे ८० ते ९० ग्रॅम भरते. गुळात लोह असते हे खरे. पण एका मफिनात तीन-चार ग्रॅम गूळ पडत असेल, तर त्यातून येणारे लोह नगण्य म्हटले पाहिजे. लोहासाठी गूळ वाढवत नेला, तर लोहाआधी साखरच पोटात जाते.

मधाचीही गोष्ट वेगळी नाही. फुलातील रसाच्या सुक्रोजचे मधमाशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करून ठेवते, एवढाच फरक. खजुराचे मात्र थोडे निराळे आहे. १०० ग्रॅम सुक्या खजुरात सुमारे ६५ ग्रॅम साखर असते, परंतु सात-आठ ग्रॅम चोथाही असतो. चोथ्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते आणि साखर रक्तात थोडी सावकाश उतरते. तरीही ६५ ग्रॅम म्हणजे ६५ ग्रॅमच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत ‘मोकळी साखर’ अशी कल्पना आहे. कारखानदाराने, स्वयंपाक करणाऱ्याने किंवा खाणाऱ्याने वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांचे रस यांतील साखर ही सर्व मोकळी साखर. अख्ख्या ताज्या फळातील साखर तीत धरत नाहीत. दिवसभरातील एकूण उष्मांकांपैकी मोकळ्या साखरेचा वाटा १० टक्क्यांहून कमी असावा आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली आणावा, असे ती सांगते. हे ५ टक्के म्हणजे सामान्य प्रौढ माणसासाठी सुमारे २५ ग्रॅम, अंदाजे सहा चहाचे चमचे. ब्रिटनमध्ये तर वाटून लगदा केलेल्या फळातील साखरही मोकळी समजतात. त्यामुळे मी पुढे खजुराची साखर हिशेबात धरली आहे, वगळलेली नाही.

आता माझ्या बक्षीसपात्र मफिनचा हिशेब पाहा. बारा मफिनच्या पिठात १८० ग्रॅम गूळ होता आणि वरच्या थरात २०० ग्रॅम, म्हणजे एकूण ३८० ग्रॅम. शेकडा ८५ धरले तर ३२३ ग्रॅम साखर. तिला बाराने भागले की एका मफिनात सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे जिला मी ‘शुगर फ्री’ म्हटले होते, त्या एकाच वस्तूत माणसाच्या दिवसभराच्या २५ ग्रॅमांहून अधिक साखर होती! आपल्या देशातील अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे घन पदार्थाला ‘शुगर फ्री’ म्हणायचे तर १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. हा आकडा वाचला तेव्हा ग्रंथालयात बसल्या जागी माझे कान तापले.

मफिन मुळात काय आहे?

मफिन हा शब्द ऐकला की आपल्याला बेकरीतला कागदी वाटीतला केक आठवतो. वास्तविक या नावाचे दोन पदार्थ आहेत. इंग्लंडमधील जुना मफिन म्हणजे यीस्टने फुगवून तव्यावर भाजलेली चपटी गोल पोळी. आपण ज्याला मफिन म्हणतो तो अमेरिकेत वाढलेला, वाटीत भाजलेला, झटपट फुगणारा प्रकार. हे झटपट फुगणे शक्य झाले ते क्षारामुळे. १७९६ साली अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक निघाले. त्यात लाकडाच्या राखेपासून केलेला ‘पर्लॅश’ नावाचा क्षार पीठ हलके करण्यासाठी वापरला आहे. आपल्याकडे पापडात खार घालतात, त्याच जातीची ही वस्तू. पुढे १८४३ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडर तयार केली. त्याचे कारण मोठे घरगुती आहे. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हते, म्हणून यीस्टवाचून फुगणारा पाव त्याला हवा होता. घरातल्या एका माणसाच्या प्रकृतीसाठी केलेली खटपट पुढे जगभर पोचली, हे वाचून मला धीर आला.

फळ घालून भाजलेला गोड पदार्थ आपल्यालाही परका नाही. कोकणात मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ एकत्र करून खाली-वर निखारे ठेवून धोंडस करतात. फणसाच्या रसाची सांदणे उकडतात. पिकलेल्या केळ्याचे घारगे तर आपल्यापैकी बहुतेकांनी खाल्ले असतील. तेव्हा मफिनची भट्टी आणि वाटी बाहेरची असली, तरी त्यामागचा विचार आपल्या आजीला समजावून सांगावा लागणार नाही.

साखर काढली की काय बिघडते?

चूक कळल्यावर मी पहिला प्रयोग केला तो अतिरेकी. गूळ पूर्ण काढून टाकला. जे बाहेर आले ते फिकट, चिवट, रबरासारखे होते. धाकट्या भावाने एक घास घेऊन उरलेले कुत्र्याला टाकले, आणि कुत्र्यानेही विचार करूनच खाल्ले. यावरून मला कळले की भाजलेल्या पदार्थात साखर केवळ गोडीसाठी नसते. ती चार कामे करते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून पदार्थ ओलसर राहतो. गव्हाच्या पिठात पाणी पडून ढवळले की चिकट जाळे तयार होते, त्याला ग्लूटेन म्हणतात. साखर हे जाळे फार घट्ट होऊ देत नाही. वरचा तांबूस रंग आणि खमंग वास बराचसा तिच्यामुळे येतो. आणि चौथे काम गोडीचे. साखर कमी करायची तर या चारही कामांना दुसरा कामकरी शोधावा लागतो.

ओलावा आणि गोडी यांसाठी पूर्ण पिकलेले, सालीवर काळे ठिपके पडलेले केळे उत्तम. केळे पिकताना त्यातील पिष्टाची साखर होते, म्हणून तेच केळे अधिक गोड लागते. मऊपणासाठी तेल आणि दही. रंगासाठी थोडा गूळ ठेवावाच लागतो. मी १८० ग्रॅमवरून १२०, मग ८०, शेवटी ४० वर आले. ४० च्या खाली रंग येईना, म्हणून तेथे थांबले. वेलदोडा आणि जायफळ गोड नसतात, पण त्यांच्या वासाने जीभ थोडी फसते. पुरणपोळीत जायफळ घालणाऱ्या आपल्या बायकांना हे केव्हाच माहीत होते.

दुसरी अडचण पिठाची. कणकेतील कोंडा पाणी बरेच पितो. मैद्याच्या मापाने दूध घातले तर मफिन कोरडे होतात. म्हणून दूध किंचित वाढवून पीठ दहा मिनिटे झाकून ठेवावे. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसते. ते एक चतुर्थांश घातले की मफिन हलके होतात. निम्मे घातल्यावर मात्र माझे मफिन वाटीतून काढतानाच मोडले.

कृती

बारा लहान मफिनसाठी : कणीक १५० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ५० ग्रॅम, शेंगदाण्याचे जाडसर कूट ३० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन सपाट चहाचे चमचे, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा व जायफळ. सोललेली पिकी केळी २५० ग्रॅम, गोडसर दही अर्धी वाटी, दूध पाव वाटी ते अर्धी वाटी, तेल ५० मिलिलिटर, चिरलेला गूळ ४० ग्रॅम, आणि सफरचंदाचे किंवा बिया काढलेल्या पेरूचे बारीक तुकडे १०० ग्रॅम.

प्रथम सर्व कोरडे जिन्नस चाळून एकत्र करावेत आणि चाळणीत राहिलेला कोंडा परत पिठात घालावा. गूळ कोमट दुधात विरघळवून गाळून घ्यावा, कारण गुळात कधी कधी खडा निघतो (आबांच्या गुळात नाही!). केळी काट्याने कुस्करून त्यात दही, तेल आणि गुळाचे दूध मिसळावे. मग ओले कोरड्यात ओतून मोठ्या चमच्याने दहा-बारा फेऱ्यांत मिसळावे. पिठाच्या लहान गुठळ्या दिसल्या तरी चालेल. येथे हात आवरणे हीच कसोटी. जास्त ढवळले की ग्लूटेनचे जाळे घट्ट होते, आत लांबट बोगदे पडतात आणि मफिन चिवट होतात. शेवटी फळांचे तुकडे घालावेत.

सोड्याविषयी एक सूचना. दह्यातील आम्ल आणि सोडा भेटले की कर्बद्विप्राणील वायू सुटतो आणि पीठ फुगते. आम्ल संपल्यावर उरलेला सोडा मात्र तसाच राहतो आणि साबणासारखी चव देतो. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग तांबडा होतो, ते क्षारामुळेच. आपल्या पिठात सोडा जास्त झाला की नाही हे पाहण्यासाठी मी एकदा चमचाभर पिठात चिमूट हळद घालून पाहिली. ती तांबूस झाली, तेव्हा मी सोडा अर्ध्या चमच्यावरून पाव चमच्यावर आणला.

आमच्या घरी ओव्हन नाही. जाड बुडाच्या कढईत दोन बोटे खडे मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवते, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवते. स्टीलच्या लहान वाट्यांना तेलाचा हात लावून त्या पाऊण भरते आणि मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटे झाकून भाजते. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी १८० अंश सेल्सियसवर सुमारे २० मिनिटे भाजावे. सुरीचे टोक खुपसून ते कोरडे बाहेर आले की झाले. कढईत एका वेळी सहाच वाट्या मावतात. म्हणून ओले आणि कोरडे निम्मे-निम्मे ठेवून दुसरा घाणा आयत्या वेळी मिसळावा. आधीच मिसळून ठेवलेल्या पिठातला वायू निघून जातो आणि दुसरे सहा मफिन बसके होतात.

माथ्यावरचा थर

मफिनवरच्या मऊ थराला फ्रॉस्टिंग म्हणतात. बेकरीत तो बहुधा लोणी आणि पिठीसाखर फेटून करतात, आणि पिठीसाखर वजनाने लोण्याच्या साधारण दुप्पट असते. माझ्या पहिल्या मफिनमधील निम्म्याहून जास्त साखर याच थरात होती. म्हणजे खरी काटकसर करायची जागा माथ्यावरच होती, आणि मी मात्र पिठात कणीक घातल्याचा अभिमान बाळगून होते.

यावर उपाय आपल्या श्रीखंडाने सुचवला. अर्धा किलो दही स्वच्छ फडक्यात बांधून रात्रभर टांगले की सुमारे २०० ग्रॅम चक्का मिळतो. बिया काढलेला ६० ग्रॅम खजूर तीन चमचे गरम दुधात अर्धा तास भिजवून गुळगुळीत वाटावा, चाळणीतून घासून घ्यावा आणि चक्क्यात मिसळून वर वेलदोड्याची पूड घालावी. रंग फिका तपकिरी येतो, दुकानातल्यासारखा पांढराशुभ्र येत नाही. चक्का आंबट असला तर खजूर वाढवण्याचा मोह होतो. त्यापेक्षा ताजे दही घ्यावे. मफिन पूर्ण निवल्यावरच हा थर लावावा, नाहीतर तो वितळून ओघळतो. कच्चा अननस किंवा पपई चक्क्यात घालू नये, कारण त्यांतील पाचक द्रव्ये दुधाची प्रथिने तोडतात आणि चक्का कडू होतो. माझा एक पूर्ण घाणा अननसापायी फुकट गेला. शीतकपाट नसेल तर हा थर त्याच दिवशी संपवावा.

नवा हिशेब असा : ४० ग्रॅम गुळातून ३४ ग्रॅम साखर, ६० ग्रॅम खजुरातून ३९ ग्रॅम, मिळून ७३. एका मफिनात सुमारे ६ ग्रॅम. पूर्वीच्या २७ च्या जागी ६. मात्र मधुमेही माणसाने एवढ्यावर थांबून चालत नाही. त्याला केळ्याची साखर आणि पिठातील पिष्ट हेही मोजावे लागते, कारण पोटात गेल्यावर पिष्टाचेही ग्लुकोजच होते. असे सर्व कर्बोदक धरले तर एका मफिनात अंदाजे २५ ग्रॅम भरते. साधारण ७० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या अर्ध्या भाकरीत जवळपास तेवढेच असते. म्हणून आमच्या घरचा नियम ठरला : आबांनी एक मफिन खायचा तर त्या जेवणात अर्धी भाकरी कमी. हा नियमही डॉक्टरांना दाखवून मगच लागू केला.

गुऱ्हाळावर

हिशेब वहीत मांडणे सोपे होते. तो आबांना सांगणे अवघड होते. ज्या गुळावर त्यांनी आम्हा भावंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवला, त्यालाच मी घरात बसून साखर म्हणणार होते. आठवडाभर मी टाळले. शेवटी एका रविवारी डबा घेऊन गुऱ्हाळावर गेले. काहील उतरवून आबा टेकले होते. मी वही उघडली आणि पहिली गोष्ट सांगितली ती माझी चूक : “आबा, गूळ चालतो असं मीच सांगितलं होतं. ते चुकीचं होतं. न वाचता बोलले होते.”

आबांनी वही हातात घेतली नाही. वाफ्यात निवणाऱ्या पाकाकडे बघत बसले. मग म्हणाले, “पडक्या उसाचा रस असला की गूळ बसत न्हाई. का म्हाईत हाय?”

मला माहीत नव्हते.

“त्यातली साखर फुटलेली असती. मग पाक नुसता चिकाट ऱ्हातो. उसात साखर नसती, तर ढेप बसली असती व्हय?”

आडव्या पडलेल्या किंवा शिळ्या उसात सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते व त्याचा गूळ मऊ पडतो, हे मी नंतर पुस्तकात वाचले. आबांना ते तीस वर्षे ठाऊक होते. मी विचारले, “मग चार येळा गुळाचा चहा का पीत होता?”

ते म्हणाले, “आपण केल्याली वस्तू आपल्याला कशी बाधंल, असं वाटायचं.”

यावर मला काही बोलता आले नाही. आम्ही दोघांनी एक मफिन निम्मा-निम्मा खाल्ला. “गोड हाय, पर दमानं गोड हाय,” असे ते म्हणाले. आता आबा बिनगोडाचा चहा पितात. पहिला घोट घेताना तोंड वाकडे करतात. पुढची तपासणी व्हायची आहे. आकडा उतरेल की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण औषध, चालणे आणि जेवण या साऱ्यांवर तो अवलंबून आहे. एका मफिनने मधुमेह बरा होतो असे सांगणाऱ्यावर वाचकांनी मुळीच विश्वास ठेवू नये.

समारोप

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत आपल्या देशात सुमारे १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे दिसून आले. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरात किंवा शेजारी एखादे तरी आबा असणार. त्यांच्यासाठी घरात कोणीतरी गूळ, मध किंवा खजूर घालून काहीतरी ‘नैसर्गिक’ करत असेल, आणि ते प्रेमानेच करत असेल. गूळ वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. आमचे घर त्यावरच चालते. परंतु ‘नैसर्गिक’ हा शब्द वस्तू कोठून आली ते सांगतो, ती किती आहे ते सांगत नाही. पदार्थ आरोग्याला बरा व्हायचा असेल, तर एक गोड काढून दुसरे तेवढेच गोड घालून भागत नाही. एकूण गोड कमी करावे लागते, अख्खे फळ व अख्खे धान्य वाढवावे लागते आणि तराजू हाताशी ठेवावा लागतो.

यंदाच्या स्नेहसंमेलनात खाद्यपदार्थांच्या दालनात मी नवे मफिन ठेवले होते. या वेळी चिठ्ठी अशी होती : ‘केळ्याचे मफिन. शुगर फ्री नाहीत. एका मफिनात गूळ व खजूर यांची सुमारे ६ ग्रॅम साखर.’ चोवीस मफिन केले होते, त्यांपैकी पंधरा खपले. दोन मैत्रिणींनी “गोडच नाहीत गं” म्हणून तोंडावर सांगितले. बाईंनी मात्र दोन विकत घेतले आणि चिठ्ठी मागून घेतली. पुढच्या वर्षीच्या पाककृती स्पर्धेत प्रत्येक ताटलीपुढे गोडाचे वजन लिहिणे सक्तीचे करावे, अशी विनंती मी विभागाकडे केली आहे. ज्या मित्र-मैत्रिणींना ही कृती करून पाहायची असेल त्यांनी जरूर करावी, आणि माझ्या हिशेबात चूक आढळल्यास मला निःसंकोच दाखवून द्यावी.